शिंप्याचा हात दिसता कामा नये

१ जानेवारी १९६७, रविवार. सकाळी सात.

नवी डायरी. सिमेंटच्या ठेकेदाराने स्टोअरला सहा डायऱ्या पाठवल्या. टिपणीस साहेबांनी पाच घरी नेल्या आणि सहावी माझ्या टेबलावर ठेवली. डिपार्टमेंटमध्ये दोन नंबरला कोण आहे, हे न बोलता सांगायची साहेबांची ही पद्धत आहे. कव्हरवर चहाचा गोल डाग आहे. तो आधीपासूनच होता.

संकल्प. पहाटे पाचला उठणे. तंबाखू बंद. रोज इंग्रजीचे पाच शब्द. घरात कमी बोलणे, कारण माणूस जितकं कमी बोलतो तितका त्याचा वचक राहतो.

तंबाखूची पुडी अर्धी शिल्लक आहे. टाकून देणं म्हणजे उधळेपणा. ती संपली की बंद.

२ जानेवारी, सोमवार

उठायला साडेसहा झाले. थंडी. पाचचा संकल्प उन्हाळ्यासाठी ठेवला आहे.

तारापूरच्या अणुवीज प्रोजेक्टच्या बसमध्ये नागोराव शेजारी बसला. हा वेल्डिंगला आहे, परभणीकडचा. बोईसरला आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. माणूस साधा, त्याला जगाची माहिती कमी. पण आज त्याच्याकडून एक माहिती मिळाली. कॉलनीतल्या शाळेचं गॅदरिंग बावीस तारखेला आहे, त्यात वेशभूषा स्पर्धा आहे, त्याचा मुलगा विश्राम भाग घेतोय, आणि परीक्षक म्हणून आमच्या टिपणीस साहेबांच्या बाई बसणार आहेत.

मी काही बोललो नाही. चौथा संकल्प.

पण मनात हिशेब झाला. असिस्टंट स्टोअरकीपरची जागा मार्चमध्ये भरणार. साहेब बाईंचं ऐकतात. माझी सुगंधा दुसरीत आहे. तिला पहिला नंबर मिळाला, तर बाई घरी जाऊन विचारणार, ही कुणाची मुलगी? पुढचं सांगायला नको.

३ जानेवारी, मंगळवार. संध्याकाळी.

सुगंधाला विचारलं, तुला काय व्हायचंय. म्हणाली, बसचा कंडक्टर. ही सात वर्षांची मुलगी रोज प्रोजेक्टच्या बसने शाळेत जाते आणि तिने जगात पाहिलेला सर्वात मोठा माणूस म्हणजे शिट्टी वाजवणारा. नर्मदा लगेच म्हणाली की तुमचा जुना खाकी शर्ट आहे, तो लहान करते, अर्ध्या तासाचं काम.

मी नाही म्हटलं. साहेबांच्या बाईंपुढे स्टोअर क्लार्कची मुलगी कंडक्टर होऊन उभी राहिली, तर बापाची झेप किती हे तिथेच कळतं. बऱ्याच विचारानंतर ठरवलं: राजहंस. पांढरा, शांत, मानसरोवरात राहणारा. शिवाय बोईसर, पालघर, तारापूर या टापूत कुणीही राजहंस पाहिलेला नाही. त्यामुळे चूक काढणार कोण?

नर्मदा म्हणाली, बरं, मग हंस शिवते.

इथे एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण ही डायरी माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही. आमचे वडील करमाळ्याला शिंपी होते. नर्मदाचे वडील बार्शीला शिंपी. मी मॅट्रिक होऊन त्यातून बाहेर पडलो. ऑफिसात मी सांगितलं आहे की आमचा कापडाचा व्यापार होता. हे खोटं नाही. दुकानात कापड येत होतं आणि जात होतं. वडील गेले तेव्हा त्यांचं मशीन रेल्वे पार्सलने इथे आलं. मी त्यावर चादर टाकली आणि वर पितळेची भांडी मांडली. येणाऱ्याला ते टेबल वाटतं. नर्मदाला तेव्हाच बजावलं की इथे कुणाचं काही शिवायचं नाही. पतंग्यांची बायको शिवते हे एका बाईला कळलं, की संध्याकाळपर्यंत सरावलीपासून बेटेगावपर्यंत पतंगे शिंपी ठरणार. ती त्यावर काही बोलली नाही. म्हणजे तिला पटलं.

आता हिने हंस शिवला तर टीप इतकी सरळ येईल की जाणकाराला एका नजरेत कळेल. शिंप्याचा हात दिसता कामा नये. म्हणून हंस मीच शिवणार. हातशिलाई. दार लावून.

शेवटी रक्तात आहेच.

५ जानेवारी, गुरुवार

ऑफिसातून ग्राफ पेपर आणला. शिंपी लोक अंदाजाने कापतात, तिथेच चुकतात. मी आधी ड्रॉइंग केलं. प्लॅन, एलिव्हेशन, साइड व्ह्यू. सकाळी सुगंधा अंथरुणात असतानाच तिची मापं घेतली. जागी असली की हलते. झोपलेलं मूल अगदी सरळ, हात अंगाला चिकटून. अशा वेळी घेतलेलं माप एक सूतभरही चुकत नाही. वडिलांना हे कधी सुचलं नव्हतं.

इंग्रजीचे शब्द: एलिव्हेशन. बाकी चार उद्या.

८ जानेवारी, रविवार

पालघरला जाऊन कापड आणलं. बोईसरच्या दुकानात ओळखीची माणसं भेटतात. पाच वार पांढरं मांजरपाट मागितलं. दुकानदार फार अदबशीर निघाला. त्याने आवाज खाली घेतला आणि विचारलं, कधी झालं. मी म्हटलं, अजून व्हायचंय, बावीस तारखेला. त्याने हातातला गज खाली ठेवला. मग म्हणाला, घरात कोण? मी म्हटलं, मुलगी, सात वर्षांची. त्याने भाव न करता वारामागे दोन आणे कमी केले, कापड बांधून हातात दिलं आणि वर हात जोडले.

पालघरच्या लोकांना कलेची कदर आहे.

९ जानेवारी, सोमवार

घरात उंदीर झालेत. खाटेखाली तांबड्या साटीनच्या चिंध्या सापडल्या. परवा हिरव्या होत्या, आज त्यात जरीचा तुकडा. कुठून ओढून आणतात कळत नाही. उंदरांची आवड सुधारत चालली आहे. नर्मदाला दाखवलं, तर तीही बराच वेळ खाली बघून म्हणाली की उंदीरच असतील. मशीनवरची भांडीही रोज वेगळ्या क्रमाने दिसतात. काल तांब्या डाव्या बाजूला होता. उंदीर चांगले दणकट असले पाहिजेत.

सापळा आणणे.

१० जानेवारी, मंगळवार

कापड कापलं. दार लावून, ड्रॉइंग समोर ठेवून, एकही रेघ न सोडता. नर्मदा चहा घेऊन आत आली, कापलेले तुकडे उचलून पाहिले आणि म्हणाली, "माया ठेवली नाहीत तुम्ही."

एवढंच बोलून गेली. मला फार लागलं. या मुलीला तापात खांद्यावर घेऊन डहाणूला डॉक्टरकडे कोण गेलं होतं? (नागोराव बरोबर होता, परत येताना त्याने घेतलं होतं.) बाजारातून पेपरमिंट कोण आणतं? बाप रोज बोलून दाखवत नाही, म्हणून त्याची माया नाही? मी जेवताना एक शब्द बोललो नाही. तिने विचारलंही नाही. दुसरी भाकरी मात्र वाढली.

११ जानेवारी, बुधवार

दोन तुकडे एकमेकांना लावून पाहिले. शिवून झाल्यावर चार बोटं कमी पडतात. माया म्हणजे शिवणीसाठी कडेने सोडायचं जादा कापड. शिंप्यांची बोली आहे ही. मला माहीतच होतं. काल तो अर्थ तिने नीट सांगितला नाही.

इलाज सापडला. कुशीत पट्टी जोडायची. हंसाला तशीही कूस असते.

१२ जानेवारी, गुरुवार

बस लवकर सुटली, पाचला घरी. दारात विश्राम हात पसरून उभा आणि नर्मदा त्याच्या छातीभोवती टेप धरून. मला पाहून म्हणाली, पोरगं किती वाढलंय ते बघत होते. शेजाऱ्याच्या मुलाची एवढी काळजी घेणारी बायको हल्ली मिळत नाही. तिच्या बोटांना निळा खडू होता. सुगंधाचा अभ्यास घेत असणार.

भांड्यांना येणारी मंगळी चुलीशी बसून होती. ती नर्मदाला म्हणाली, "बाय, आज मशीन नाय चालवलं?" नर्मदा म्हणाली की ती पिठाच्या गिरणीचं विचारतेय. गिरणी स्टेशनच्या पलीकडे आहे. ती नर्मदा कशी चालवेल? या लोकांना नीट प्रश्न विचारता येत नाही.

हंस: एक कूस पूर्ण. सुई बोटात तीनदा गेली. कापडावर थोडं रक्त. पाठीकडे घेईन.

१४ जानेवारी, शनिवार. संक्रांत.

घरात हळदीकुंकवाला सात बायका येऊन गेल्या. एकेक जण आतल्या खोलीत जायची, दार लागायचं, आणि येताना आणलेलं गाठोडं तिथेच ठेवून बाहेर पडायची. नागोरावची गोजराबाई तर तीन वेळा आली. वाण नेण्याऐवजी गाठोडं ठेवून जाण्याची ही पद्धत मी प्रथमच पाहिली. मी बाहेर खुर्चीवर पेपर धरून बसलो होतो. नर्मदा इथे लोकप्रिय आहे. नवऱ्याच्या पोझिशनचा परिणाम असतो.

पिसं कशाची करायची हा प्रश्न सुटला. स्टोअरच्या मागणीपत्रकाची तिसरी प्रत पातळ पांढऱ्या कागदावर असते. ती फाइलला लागते, पण वाचत कुणीच नाही. दोन पॅड घरी आणले. छापील बाजू आत घेऊन चिकटवली की कुणाला कळणार नाही.

१७ जानेवारी, मंगळवार

मान. हंस म्हणजे मान. सळ्या बांधायची तार आणली, चौपदरी पिळली, वर कापूस, वर कापड. सुगंधाच्या डोक्याच्या वर दीड फूट जाते. चोच लाल पुठ्ठ्याची. टेबलावर उभी केली तर दोन मिनिटं ताठ राहते, मग हळूहळू वाकते. नमस्कार केल्यासारखी. हा दोष नाही, डौल आहे.

सापळ्यात उंदीर नाही. आज खाटेखाली मोती सापडले. चार.

१९ जानेवारी, गुरुवार

सुगंधासाठी भाषण लिहिलं. मी मानसरोवराचा राजहंस, नीरक्षीरविवेक वगैरे. शेवटी, ज्या कुटुंबात असे संस्कार असतात त्या कुटुंबाचं नाव, असं करत पतंगे नाव दोनदा येतं. बत्तीस ओळी. तिला चार पाठ झाल्या आहेत. नीरक्षीरविवेक तिला म्हणता येत नाही, खीर म्हणते. मग तिला खीर पाहिजे झाली.

अजून तीन दिवस आहेत.

तंबाखूची पुडी संपली. नवीन आणली. कामाचा ताण पाहता या महिन्यात बंद करणं प्रकृतीला बरं नाही.

२१ जानेवारी, शनिवार. संध्याकाळी सात.

अंगात घालून पाहिलं. किरकोळ अडचणी.

गळ्यातून डोकं जात नाही. ड्रॉइंगमध्ये गळा बरोबर आहे, म्हणजे डोक्याचंच माप थोडं जास्त आहे. पाठ पूर्ण उघडली. आता आत जाते, पण पाठ जुळत नाही, हूक पोचत नाहीत. बाह्या मी ठेवल्याच नाहीत, कारण हंसाला हात नसतात. सुगंधा म्हणाली, नाक खाजतंय. नर्मदाने तिचं नाक खाजवलं.

निर्णय: उद्या अंगावर घालून पाठ तिथल्या तिथे जाड दोऱ्याने शिवून टाकायची. हूक नाही, बटण नाही. पाठीवर एक सलग शिवण. मोठ्या वस्तू अशाच पॅक करतात.

नर्मदाने विचारलं, "आणि तिला मध्ये जायची वेळ आली तर?"

मी विचारलं, कुठे?

तिने कातर घेऊन आपल्या पिशवीत टाकली. बायका गॅदरिंगला जातानाही काय काय बरोबर घेतात.

२२ जानेवारी, रविवार. सकाळी.

हंस तयार. लांबून फारच सुंदर. आज तारीख लक्षात ठेवण्यासारखी ठरणार. गावात निवडणुकीच्या जीपा ओरडत फिरताहेत, पण बोईसरकर आज वेगळ्याच विजयाबद्दल बोलतील.

तोच दिवस. रात्री.

क्रमाने लिहितो. घाईत लिहिलं की माणूस अन्याय करतो, विशेषतः स्वतःवर.

शिवणीला पाऊण तास लागला. शिवल्यावर लक्षात आलं की सुगंधाला बसता येत नाही. बसमध्ये तिला आडवी करून माझ्या आणि नागोरावच्या मांड्यांवर ठेवली. मान खिडकीबाहेर. नाक्यावरचे लोक टोप्या काढत होते. ते हंसासाठी की आणखी कशासाठी, कळलं नाही.

कार्यक्रम चारला होता. आधी भाषणं झाली. मुख्याध्यापक, मग एक पाहुणे, मग आभार आधीच मानले. सव्वासहापर्यंत सुगंधा पडद्यामागे भिंतीला टेकून उभी होती. मी तिला दोनदा पाणी पाजलं, म्हणजे आवाज मोकळा राहील.

मग एकेक मूल येऊ लागलं. विश्राम मावळा होऊन आला. तांबडा साटीनचा अंगरखा, जरीची पट्टी, कमरेला हिरवा शेला. मग एक राजकन्या, बाहीला मोती. एक पोपट. एक कोळीण. एकेकाचा पोशाख अंगावर ओतल्यासारखा. मी नागोरावला विचारलं, कुठून आणलं हे सगळं. तो पायांकडे बघत म्हणाला, घरीच केलं. मी त्याला हळूच सांगितलं की नीट बघ, शिवण फार सरळ आहे, शिंप्याचा हात दिसतो, याला अभिरुची म्हणत नाहीत. तो हो म्हणाला.

सुगंधाचं नाव पुकारलं. दोन शिक्षकांनी तिला उचलून मध्ये ठेवलं. टिपणीसबाई पुढे वाकल्या. मी साहेबांकडे पाहिलं. साहेब बघत होते.

मग मान वाकायला लागली. घरी दोन मिनिटं लागत होती, इथे तेवढीही लागली नाहीत. वाकत वाकत ती पूर्ण खाली आली आणि हंस सुगंधाच्या तोंडाकडे बघत थांबला. ती म्हणाली, मी मानसरोवराचा. मग थांबली. चोच तिच्या नाकाला लागत होती. मी खालून दुसरी ओळ सांगितली. तिने ऐकली नाही. ती बायकांच्या बाजूला बघत होती.

"आई," ती माइकमध्ये म्हणाली, "मला जायचंय."

बाई शिक्षिका प्रेमाने म्हणाल्या, कुठे जायचंय हंसाला, मानसरोवराला?

"नाही. मला लागलीय."

पाचशे माणसं हसली. मी हसलो नाही. तिला हलता येत नव्हतं, हात काढता येत नव्हते, रडायला लागली तर डोळे पुसता येत नव्हते. हे मी पाहिलं. तारेमुळे तिच्या गळ्यावर तांबडा वळ उठला होता, तोही तिथूनच दिसला. मी उठायला लागलो, पण माझ्या आधी नर्मदा स्टेजवर पोचली होती.

तिने पिशवीतून कातर काढली. मानेपासून खालपर्यंत एकाच ओघात कापत गेली, कुठे थांबली नाही, कातडीला कुठे लागलं नाही. वडील थान कापायचे तेव्हा असा आवाज यायचा. हंस दोन बाजूंना पडला. आतून सुगंधा परकरात निघाली आणि पळाली. वेळेत पोचली, असं नंतर कळलं.

इथे संपलं असतं तरी चाललं असतं. पण पडद्यामागून राजकन्या बाहेर आली आणि म्हणाली, नर्मदाकाकू, माझं काखेत टोचतंय. तिच्यामागून पोपट म्हणाला, काकू, माझं शेपूट. मग मावळा. नर्मदाने तोंडात टाचण्या धरल्या, गुडघ्यावर बसली आणि स्टेजवरच एकेकाचं नीट करायला लागली. तिला तिथे पाचशे माणसं आहेत याची शुद्ध नव्हती.

टिपणीसबाईंनी खुर्चीतूनच विचारलं, "हे सगळे पोशाख तुम्ही शिवलेत?"

नर्मदाने तोंडातल्या टाचण्या हातात काढून घेतल्या.

"हो," ती म्हणाली. "एक सोडून."

याच वेळी साहेबांनी पायाशी पडलेलं एक पीस उचललं. उलटं केलं. चष्मा लावून वाचलं. मग आणखी एक उचललं.

पहिला नंबर पोपटाला. दुसरा विश्रामला. सुगंधाला सगळ्यांना देतात ती पेन्सिल.

परत येताना ती बसमध्ये व्यवस्थित बसली होती. दोन पेढे खाल्ले. मी तिला म्हटलं की तयारी थोडी कमी पडली, पुढच्या वर्षी आपण आधीपासून लागू. तिने पेढा गिळला आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी तुम्ही हंस व्हा, बाबा. मी शिवते."

बसमधले सगळे पुन्हा हसले. तिने ते हसण्यासाठी म्हटलं नव्हतं.

घरी आल्यावर नर्मदाला कडक शब्दांत विचारणार होतो. ती काही न विचारता भांडी उचलून मांडणीवर ठेवत होती. एकेक, घागर, तांब्या, परात. मग चादर काढली, झटकली, घडी केली. मशीन तेल दिल्यासारखं चकचकत होतं.

मी म्हटलं, माझ्या वडिलांचं मशीन माझ्या माघारी. तिने पत्र्याच्या पेटीतून रेल्वेची पावती आणून माझ्यासमोर धरली. पार्सल पाठवणार, माझे वडील; तारीख ते जाण्याआधी आठ दिवसांची. पार्सल घेणार, सौ. नर्मदा खंडेराव पतंगे. खाली सही माझी.

"मामंजींनी मला पाठवलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही सही केलीत, वाचलं नाहीत."

मी दिवसाला साठ पावत्यांवर सह्या करतो. प्रत्येक वाचत बसलो तर स्टोअर चालणार नाही.

मला वाटत होतं, वडील गेल्यावर मशीन आलं.

२३ जानेवारी, सोमवार

साहेबांनी बोलावलं. नवीन शर्ट घालून गेलो होतो, बरं झालं. काल जे झालं त्यात निदान धाडस तरी त्यांना दिसलं असेल, असं वाटत होतं.

टेबलावर पेपरवेटखाली चार पिसं होती. साहेबांनी विचारलं की प्रोजेक्टची मागणीपत्रकं बदकाला का लागली होती. मी म्हटलं, राजहंस. ते म्हणाले, मेमो टाइप करायला किती वेळ लागतो हे तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, पाच मिनिटं. त्यांनी खिडकीबाहेर रिअॅक्टरच्या इमारतीकडे पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा मला त्यांच्या खोलीत बसायला सांगितलं नाही याचं वाईट वाटलं. आधीही सांगितलं नव्हतं, पण तेव्हा मी आशेवर होतो.

मग ते म्हणाले, "तुम्ही नर्मदाबाईंचे मिस्टर ना?"

मी हो म्हटलं.

त्यांनी ड्रॉवरमधून पुडकं काढलं. दोन ब्लाउजपीस आणि मापाला जुना ब्लाउज. बाईंना सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनाला हवेत, बुधवारपर्यंत. पिसांचं काय ते गुरुवारनंतर बघू.

साहेबांचा माझ्यावर विश्वास आहे. घरचं पुडकं ते कुणाच्याही हाती देत नाहीत.

२४ जानेवारी, मंगळवार

नर्मदा म्हणाली, बुधवारपर्यंत होणार नाही, हातात चार कामं आहेत. मी माझ्या नोकरीची परिस्थिती समजावून सांगितली. तिने मापाच्या ब्लाउजची शिवण उलटून पाहिली, नाक मुरडलं, आणि म्हणाली की करते, पण दारावर बोर्ड लागेल.

मी वाटाघाटी केल्या. बोर्डावर शिवण हा शब्द नको, 'वस्त्रकला' असावा, आणि पतंगे हे नाव लहान अक्षरात. संध्याकाळी नागोराव बोर्ड घेऊनच आला. पत्रा त्याने गेल्या आठवड्यातच कापला होता. 'सौ. नर्मदा पतंगे. कपडे शिवून मिळतील.' अक्षरं हातभर.

ठोकताना मी नागोरावला म्हटलं की आता सगळ्यांना कळणार आम्ही कोण ते. तो तोंडातला खिळा काढून म्हणाला, "कळायचं काय राहिलं? तुम्ही माणूस भेटला की आधी त्याची कॉलर बघता. दोन वर्षं सगळी बस बघतेय."

मी काही बोललो नाही. हा संकल्पाचा भाग नव्हता.

खिळा वाकडा जात होता. नागोरावच्या शर्टाची कॉलर डाव्या बाजूला अर्धं सूत वर चढलेली आहे. दोन वर्षं मी त्याला सांगितलेलं नाही.

२७ जानेवारी, शुक्रवार

झेंडावंदनाला टिपणीसबाई नवीन ब्लाउज घालून आल्या होत्या. साहेबांनी पिसांचा विषय काढला नाही. असिस्टंट स्टोअरकीपरच्या जागेचाही काढला नाही. आणखी तीन पुडकी दिली. ती सायकलच्या कॅरिअरला बांधून आणली. वाटेत दोघांनी थांबवून विचारलं, लेंगे शिवता का? मी सांगितलं, चौकशी करून कळवतो.

सुगंधाच्या गळ्यावरचा वळ गेला. मी रोज सकाळी बघत होतो.

२९ जानेवारी, रविवार. दुपारी.

नर्मदाने मदतीला गोजराबाई आणि मंगळीला घेतलं आहे. त्या दोघी हातशिलाई करतात. मंगळी धावदोरा सुरेख घालते, कुणाला वाटणार नाही की आठ दिवसांपूर्वी सुई धरली. मी देखरेखीसाठी बसलो. कामाची विभागणी कशी करावी याबद्दल काही सूचना केल्या. तिघींनी ऐकून घेतल्या.

मग नर्मदाने मला सहा बटणं लावायला दिली. लावली. तिने हातात घेऊन ओढून पाहिली. चार तिच्या हातात आली. तिने सहाही काढून मंगळीला दिली. नीट कामाला वेळ लागतो, त्यांना घाई होती.

त्यानंतर ती म्हणाली, तुमची नजर चांगली आहे, आम्हाला सुया ओवून द्या.

आज सुया ओवल्या. गोजराबाईंना पाच, मंगळीला सात, नर्मदाला मशीनची एक. एकही पहिल्या फटक्यात चुकली नाही. सुगंधा शेजारी बसून मोजत होती.

नर्मदा म्हणाली, दोरा फार लांब घेता, गुंता होतो.

उद्यापासून दोरा आखूड घेणे.